टेक निवडताना आधी पावले पाहावीत

वाचकांचे प्रश्न : अ‍ॅनिमेशन

मोशन कॅप्चरचे (माणसाची हालचाल संगणकात नोंदवण्याचे) सूट आता भाड्याने मिळू लागले आहेत आणि नोंदवलेल्या हालचाली मोफतही उपलब्ध आहेत, त्यामुळे या विषयावरची पत्रे वाढली आहेत. नोंद करून झाली, आता तिचे पुढे काय करायचे, असा बहुतेक पत्रांचा सूर आहे. अशी चार पत्रे या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही चार मित्र लेझीमवर सहा मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट करत आहोत. सेन्सर बसवलेला सूट भाड्याने आणून आमच्या तालमीतल्या एका अनुभवी खेळाडूचे दोन दिवसांत ३८ टेक (एका दमात केलेल्या नोंदी) घेतले. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये ते उघडले तर सगळे जवळजवळ सारखेच दिसतात. ज्यात थरथर कमी आहे तो टेक घ्यावा का? एका टेकचे हात आणि दुसऱ्या टेकचे पाय जोडले तर चालेल का? काही टेकमध्ये हात हळूहळू भलत्याच दिशेला वळत जातात, ते कशामुळे होत असावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : थरथर कमी आहे एवढ्यावरून टेक निवडू नये, हे आधीच सांगून टाकतो. मनगट थरथरणे, एखाद्या फ्रेमला कोपर उलटे वळणे, बोटांची नोंदच नसणे हे सगळे दोष मागाहून दुरुस्त करता येतात आणि त्यासाठी लागणारा वेळही अंदाजाने सांगता येतो. खेळाडूने अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर कोणत्या क्षणी टाकला, खाली वाकण्याआधी कंबर किंचित मागे घेतली की नाही, पाऊल ठेक्यावर पडले की ठेक्याच्या मागून आले, या गोष्टी मात्र टेकमध्ये असल्या तरच मिळतात. त्या नसतील तर की-फ्रेम (हाताने ठरवलेल्या स्थिती) लावून आणाव्या लागतात, आणि तसेच करायचे असेल तर सूट भाड्याने आणण्याचे कारणच उरत नाही. म्हणून थरथरणारा पण भार नेमका पडलेला टेक मी नेहमी वर ठेवतो आणि गुळगुळीत पण पोकळ टेक बाजूला काढतो.

सगळे टेक सारखे दिसतात, याचे कारण बहुधा ते एकामागून एक वेगवेगळ्या फाइलींतून पाहिले जातात हे असते. बीव्हीएच (हालचालीच्या नोंदीची) फाइल आयात केली की ब्लेंडर दर वेळी नवा सांगाडा तयार करतो आणि त्या सांगाड्याला हालचालीची नोंद साठवणारी स्वतंत्र अ‍ॅक्शन जोडतो. एकाच सूटवरून आलेल्या टेकमध्ये हाडांची नावे सारखीच असतात, त्यामुळे एकच सांगाडा ठेवून बाकीच्यांच्या अ‍ॅक्शन त्यालाच देता येतात. ब्लेंडर ४.४ पासून अ‍ॅक्शनमध्ये स्लॉट, म्हणजे नोंद कोणत्या वस्तूसाठी आहे हे सांगणारे कप्पे, आले आहेत. अ‍ॅक्शन निवडूनही सांगाडा हलत नसेल, तर स्लॉट निवडला गेला आहे का ते पाहावे. त्यानंतर प्रत्येक अ‍ॅक्शन एनएलए एडिटरमध्ये (अनेक हालचाली थरांत मांडण्याच्या खिडकीत) आपापल्या ट्रॅकवर पट्टी म्हणून उतरवावी आणि सर्व पट्ट्या एका समान क्षणावर जुळवाव्यात. नोंद सुरू करताना खेळाडूकडून एक टाळी वाजवून घेतली असेल तर तोच क्षण घ्यावा, नसेल तर पहिले पाऊल जमिनीवर पडते तो क्षण घ्यावा. ट्रॅकच्या नावाशेजारच्या ताऱ्यावर टिचकी मारली की तेवढाच ट्रॅक चालतो. असे एकेक तारा लावत एकच दहा सेकंदांचा तुकडा लागोपाठ पाहिला, की जे टेक सारखे वाटत होते त्यांच्यातला फरक डोळ्यांना लगेच दिसू लागतो.

पाहण्यालाही एक क्रम असावा. पहिल्यांदा पूर्ण वेगाने, संपूर्ण आकृती चौकटीत ठेवून, मध्ये कुठेही न थांबता पाहावे आणि लगेच एक ओळ लिहून ठेवावी. ही ओळ चित्रफितीत काय भावले किंवा खटकले याबद्दल असावी, तांत्रिक दोषांबद्दल नको. दुसऱ्या वेळी फक्त पावले पाहावीत. पाऊल टेकले असताना ते जागचे हलते का, जमिनीत रुतते का, टाच उचलण्याआधी भार खरोखर दुसऱ्या पायावर गेला आहे का, हे पाहण्यासाठी पावलाच्या हाडाचा मोशन पाथ, म्हणजे त्याचा मार्ग ठिपक्यांनी दाखवणारी रेषा, काढावा. टेकलेल्या पावलाचे ठिपके एकाच जागी गोळा झाले पाहिजेत. ते ओळीने पसरले असतील तर पाऊल सरकत आहे. तिसऱ्या वेळी कंबर. ग्राफ एडिटरमध्ये कंबरेची वर-खाली जाणारी रेषा पाहिली तर लेझीमची लय तिथे स्पष्ट उमटलेली दिसते. ती रेषा नियमित चढउतार दाखवत असेल तर टेक जिवंत आहे. हात मी सर्वांत शेवटी पाहतो, कारण डोळा आपणहून हातांकडेच जातो आणि एकदा हातांत गुंतला की पायांकडे परत येत नाही.

हात हळूहळू वळत जाण्याचे कारण मात्र लेझीममध्येच असण्याची दाट शक्यता आहे. अशा सूटमधले सेन्सर प्रवेग आणि फिरण्याचा वेग मोजतात, आणि आपण कोणत्या दिशेला तोंड करून आहोत हे ठरवण्यासाठी त्यांतले बरेचसे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचाही आधार घेतात. मनगटावरच्या सेन्सरपासून वीतभर अंतरावर लोखंडी साखळी आणि चकत्या सतत हलत असतील तर तो आधारच डळमळतो. सिमेंटच्या स्लॅबमधल्या सळ्यांचाही असाच परिणाम होतो आणि तो जमिनीजवळच्या सेन्सरवर अधिक दिसतो. राहिलेल्या प्रसंगांसाठी पुन्हा नोंद करणार असाल तर साखळी आणि चकत्या पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या करून घ्या. हे धातू चुंबकाकडे ओढले जात नाहीत. वजन मात्र मूळ लेझीमइतके भरले पाहिजे, कारण हलके लेझीम हाती दिले की खेळाडूचे खांदे वेगळेच वागतात. शिवाय जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून प्रत्येक टेकच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याच खुणेवर, त्याच दिशेला, हात आडवे पसरून उभे राहायला सांगा. या दोन उभ्या स्थितींमध्ये जितका फरक नोंदीत दिसेल तितके सेन्सर त्या टेकमध्ये भरकटले, असा थेट हिशेब मिळतो. हे मोजमाप करायला प्रत्येक टेकमागे दहा सेकंद पुरतात, आणि टेक ठेवायचा की नाही याचा बराचसा वाद त्यातून मिटतो.

एका टेकचे हात आणि दुसऱ्याचे पाय जोडणे सॉफ्टवेअरला शक्य आहे, पण लेझीमसाठी ते करू नये. लेझीम उघडण्याचा जोर टाचेतून निघतो, कंबरेतून वर चढतो आणि खांद्यातून मनगटात येतो. कंबरेवर कात्री चालवली की हा दुवा तुटतो आणि प्रेक्षकाला कारण सांगता आले नाही तरी आकृती खोटी वाटू लागते. त्याऐवजी काळात जोड द्यावा, म्हणजे सुरुवात सातव्या टेकची आणि पुढचा भाग बाराव्याचा. दोन्ही टेकमध्ये तेच पाऊल जमिनीवर घट्ट टेकले आहे असा क्षण शोधावा, दुसऱ्या टेकची जागा आणि दिशा पहिल्याशी जुळवून घ्यावी आणि आठ ते बारा फ्रेममध्ये एकातून दुसऱ्यात उतरावे. मोशनबिल्डर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या स्टोरी विंडोमध्ये दोन तुकड्यांची जागा आणि दिशा जुळवण्याची सोयच आहे. ब्लेंडरमध्ये हे काम सांगाड्याला एखाद्या एम्प्टीच्या (अंतिम चित्रात न दिसणाऱ्या आधार-वस्तूच्या) खाली ठेवून हाताने करावे लागते.

प्रश्न : मी अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संग्रहातील चालण्याची एक बीव्हीएच फाइल ब्लेंडरमध्ये घेतली. माणूस पाण्याखाली चालावा तसा संथ चालतो. दुसऱ्या ठिकाणाहून घेतलेल्या फाइलमधला माणूस एखाद्या इमारतीएवढा आला. या नोंदी माझ्या प्रकल्पात वापरल्या तर चालतील का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : नोंदीत दोष नाही, तुमच्या दृश्याचा फ्रेम दर नोंदीशी जुळलेला नाही. त्या संग्रहातील बहुतेक नोंदी १२ इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी, अंगावर ४१ मार्कर लावून, सेकंदाला १२० फ्रेम या दराने घेतल्या आहेत. ब्लेंडरचे नवे दृश्य सेकंदाला २४ फ्रेमचे असते. आयात करताना काहीच सांगितले नाही तर नोंदीतली प्रत्येक फ्रेम दृश्यातल्या एका फ्रेमवर बसते, म्हणजे एका सेकंदाची चाल पाच सेकंदांत पसरते. बीव्हीएच ही साधी मजकुराची फाइल आहे. ती नोटपॅडमध्ये उघडली तर सांगाड्याच्या वर्णनानंतर मोशन हा भाग लागतो आणि तिथे फ्रेम टाइम या ओळीत एका फ्रेमचा काळ लिहिलेला असतो. ०.००८३३३ असे असेल तर दर १२०, ०.०३३३३३ असे असेल तर ३०. कोणताही टेक आयात करण्याआधी ही ओळ वाचण्याची सवय लावून घ्या.

आयात करताना स्केल एफपीएस हा पर्याय निवडला की वेग बरोबर येतो, पण मग दृश्याच्या एका फ्रेमच्या पोटात नोंदीच्या पाच की-फ्रेम बसतात. पाहायला काही अडचण नसते, मात्र पुढे कर्व्ह (हालचालीची आलेखातली रेषा) हाताळताना ही दाटी त्रास देते, म्हणून टेक निवडून झाल्यावर तो दृश्याच्या दराने बेक करून घ्यावा, म्हणजे दर फ्रेमला एकच की-फ्रेम राहील. १२० ला २४, ३० आणि ६० या तिन्ही दरांनी नि:शेष भाग जातो, २५ ने जात नाही. दूरचित्रवाणीसाठी २५ फ्रेमचे काम करायचे असेल आणि नोंद आपल्या हातात असेल, तर ती सेकंदाला १०० फ्रेमने करावी.

आकाराचे कारण याहून सोपे आहे. बीव्हीएचमध्ये एकक लिहिलेलेच नसते. सेंटिमीटरमध्ये नोंदवलेला १७० उंचीचा माणूस ब्लेंडरला १७० मीटरचा वाटतो. आयातीच्या वेळीच स्केल ०.०१ द्यावे. नंतर सांगाडा निवडून लहान करत बसू नये, कारण त्याने हाडांवर राहिलेले प्रमाण पुढे पात्राला जोडताना गोंधळ घालते.

या संग्रहातली चाल निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. नोंदीची जागा सुमारे ३ मीटर रुंद आणि ८ मीटर लांब होती. तेवढ्यात माणसाची दहा-अकरा पावले पडतात, त्यातली पहिली दोन वेग घेण्याची आणि शेवटची दोन थांबण्याची. सतत चालत राहणारे आवर्तन करायचे असेल तर मधलीच दोन पावले उचला, उजवी टाच टेकल्यापासून पुन्हा उजवी टाच टेकेपर्यंत. काही फाइलींची पहिली फ्रेम हात पसरून उभ्या सांगाड्याची असते. ती पात्र जोडताना उपयोगी पडते, पण चालीतून काढून टाकावी लागते, नाहीतर आकृती सुरुवातीलाच झटका खाते.

वापराबद्दल संग्रहाची अट उदार आहे. व्यावसायिक कामातही नोंदी वापरता येतात. मूळ नोंदी, किंवा रूपांतर केलेल्या नोंदी, तशाच विकता येत नाहीत. प्रकल्पाच्या श्रेयनामावलीत संग्रहाचा उल्लेख अवश्य करा.

प्रश्न : काल संध्याकाळी अकरा टेक आयात करून, नावे देऊन फाइल जतन केली. आज उघडली तर त्यांतले दोनच उरले आहेत. बाकीचे परत मिळतील का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : त्या फाइलीतून ते परत मिळणार नाहीत. जतन करताना ज्या अ‍ॅक्शनला कोणीही वापरकर्ता नसतो, म्हणजे जी कोणत्याही सांगाड्याला किंवा एनएलए पट्टीला जोडलेली नसते, ती ब्लेंडर पुढच्या वेळी आणत नाही. अ‍ॅक्शनच्या नावाशेजारी ढालीचे चिन्ह असते, ते दाबले की ती सुरक्षित राहते. आयात झाल्याबरोबर, नाव देण्याच्याही आधी, ढाल दाबावी. मूळ फाइली तुमच्याकडे असतीलच, तेव्हा पुन्हा आयात करा. त्या मूळ फाइलींचे फोल्डर केवळ वाचण्यापुरते ठेवून एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, कारण टेक हा पुन्हा काढता न येणारा ऐवज आहे. कलाकार पुन्हा आला तरी तीच हालचाल पुन्हा येत नाही.

सूटच्या सॉफ्टवेअरमधून एफबीएक्स या प्रकारची फाइल घेता येत असेल तर एकाच फाइलीत अनेक टेक राहू शकतात. या प्रकाराचे नावच मुळी फिल्मबॉक्स या जुन्या सॉफ्टवेअरवरून आले आहे. माँट्रियलच्या केदारा या कंपनीने ते बनवले होते आणि आज तेच मोशनबिल्डर म्हणून ऑटोडेस्ककडे आहे. अशी फाइल ब्लेंडरमध्ये आणली की प्रत्येक टेक वेगळी अ‍ॅक्शन होऊन येतो, आणि प्रत्येकाची ढाल वेगळी दाबावी लागते.

प्रश्न : आमच्या बालमालिकेतील पात्र म्हणजे हट्टाने पाय आपटणारे एक मूल; त्याचे डोके मोठे आणि पाय आखूड आहेत. प्रौढ कलाकाराचा टेक त्याला लावला की पाय बर्फावरून घसरल्यासारखे सरकतात आणि दोन्ही हातांनी धरलेला डबा हातातून निसटलेला दिसतो. सगळे कर्व्ह गुळगुळीत करून पाहिले, तर घसरणे तसेच राहिले आणि अभिनय मात्र मेला. कामाचा क्रम काय असावा? (एक अ‍ॅनिमेटर, ठाणे)

उत्तर : तुमचे शेवटचे वाक्य वाचून मला माझे पहिले मोशन कॅप्चरचे काम आठवले. मीही त्या वेळी घसरणारे पाऊल पाहून सगळ्या अंगाला एकच फिल्टर लावला होता आणि आपटलेला पाय कापसावर पडल्यासारखा करून ठेवला होता. घसरणे आणि थरथरणे यांची कारणे वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे करावे लागतात.

पाय घसरतात कारण सांध्यांचे कोन पात्राला मिळाले, पण कंबरेचा प्रवास कलाकाराचाच राहिला. कलाकाराची कंबर जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आणि पात्राची ३० सेंटिमीटरवर असेल, तर पात्राचे पाऊल कलाकाराच्या एक तृतीयांशच पडते. कंबर मात्र पूर्ण अंतर कापत राहते आणि पाय तिच्यामागे फरफटत जातात. म्हणून पहिली पायरी ही की, दोघांच्या कंबरेच्या उंचीचे गुणोत्तर काढून कंबरेच्या प्रवासाला, वर-खाली आणि आडव्या अशा दोन्ही दिशांना, तेच प्रमाण लावावे. त्याआधी दोन्ही सांगाड्यांची मूळ स्थिती जुळलेली हवी. एकाचे हात सरळ आडवे आणि दुसऱ्याचे तिरके खाली असतील तर तेवढ्या कोनाची चूक शेवटपर्यंत खांद्यात राहते. माया या सॉफ्टवेअरमध्ये किंवा मोशनबिल्डरमध्ये ह्युमनआयके ही सोय हे प्रमाण बऱ्याच अंशी स्वतः सांभाळते. ब्लेंडरमध्ये कन्स्ट्रेंट (एका हाडाला दुसऱ्यामागे चालवणारे बंधन) लावून स्वतः रिटार्गेट करत, म्हणजे एकाची हालचाल दुसऱ्या सांगाड्यावर उतरवत असाल तर हा गुणाकार आपल्यालाच करावा लागतो. प्रमाण लावल्यावर तुमच्या पात्राला खोली ओलांडायला तिप्पट पावले लागतील, हे दिग्दर्शकाला आधीच सांगून ठेवा. कथेतल्या वेळेत ते बसत नसेल तर टेकच बदलावा लागेल. प्रौढ माणूस तुरुतुरु चालला आहे असा टेक अशा पात्राला शोभतो.

एवढ्याने बहुतेक घसरणे जाईल, थोडे राहील. ते घालवण्यासाठी पावलांना आयके (टोक धरले की वरचे सांधे आपोआप जुळवणारी रचना) लावून, प्रत्येक पाऊल कोणत्या फ्रेमला टेकते आणि कोणत्या फ्रेमला सुटते याची यादी करावी, आणि त्या दरम्यान आयकेचे टोक एका जागी धरून ठेवावे. टाच आणि चवडा यांची नोंद वेगळी ठेवावी, कारण टाच आधी टेकते आणि चवडा शेवटी सुटतो. दोन्ही एकदमच धरले तर पात्र लाकडी पावलांनी चालू लागते. पाय ताणून गुडघा सरळ होऊन झटका देत असेल तर कंबर किंचित खाली घ्यावी, पावलाची पकड सोडू नये.

डब्याचेही तसेच. आखूड हातांच्या पात्राला कलाकाराच्या सांध्यांचे कोन दिले की तळहातांमधले अंतर बदलते. डब्याला दोन बाजूंना दोन खुणा करून हातांचे आयके त्या खुणांना जोडावे आणि डबा स्वतः छातीच्या हालचालीमागे जावा अशी रचना करावी. मग डबा निसटत नाही आणि चालण्याचा हेलकावा हातांत टिकतो. बोटे मात्र हाताने बसवावी लागतील.

हे सगळे मूळ टेकवर करू नये. ब्लेंडरमध्ये मूळ टेक एनएलएच्या तळाच्या ट्रॅकवर ठेवावा आणि दुरुस्ती वरच्या ट्रॅकवरच्या वेगळ्या अ‍ॅक्शनमध्ये, कम्बाइन हे मिश्रण निवडून करावी. माया आणि मोशनबिल्डरमध्ये अ‍ॅनिमेशन लेअर आहेत. वरचा थर बंद केला की कलाकाराने खरोखर काय केले होते ते कधीही पाहता येते, आणि दुरुस्ती करता करता आपण अभिनयापासून किती दूर गेलो हे त्या एका टिचकीत कळते. मी दर अर्ध्या तासाने ते पाहतो.

आता उरलेली थरथर. ज्या हाडात ती दिसते त्याच हाडाचे कर्व्ह, आणि जेवढ्या फ्रेममध्ये दिसते तेवढ्याच फ्रेम, गुळगुळीत कराव्यात. त्याआधी एक खात्री करून घ्यावी की जे दिसते आहे ती थरथरच आहे. एखाद्या कोनाचा कर्व्ह १७९ अंशांवरून एकदम उणे १७९ वर उडी मारत असेल तर हाड जागचे हललेलेही नसते, पण गुळगुळीत केल्यावर ते पूर्ण गिरकी घेते. अशा ठिकाणी ग्राफ एडिटरमधला ऑयलर फिल्टर, जो अशा उड्या जुळवून घेतो, आधी लावावा. चालण्याच्या अभ्यासात ६ हर्ट्झच्या (सेकंदाला सहा कंपनांच्या) वरची कंपने काढून टाकण्याची जुनी पद्धत आहे आणि साध्या चालीला ती मानवते. तुमचे पात्र मात्र हट्टाने पाय आपटणारे मूल आहे असे पत्रावरून दिसते. पाय आपटण्याचा धक्का दोन-तीन फ्रेममध्ये होऊन जातो आणि ६ हर्ट्झच्या फिल्टरमध्ये तो विरघळतो. म्हणून आपटण्याच्या दोन फ्रेम आधीपासून चार फ्रेम नंतरपर्यंत फिल्टर बंद ठेवा आणि तिथली थरथर, राहिलीच तर, हाताने एकेक की-फ्रेम काढून कमी करा.